सुकापूरकरांनो, तोंड उघडा

सुकापूर, पाली देवद आणि माथेरान रस्त्यालगतच्या सगळ्या रहिवाशांना ही कळकळीची विनंती आहे. तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा पंधरा दिवसांत गेला नसेल, आवाज तीन आठवडे बसलेलाच असेल, मानेत न दुखणारी गाठ हाताला लागत असेल, तर याच आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. पुढचा पगार, मुलाची दहावी, गावची जत्रा यांपैकी कशासाठीही थांबू नका.

थांबायची कारणं आपल्याकडे तयारच असतात. तोंड आलंय, उष्णता झालीय, दाढ घासतेय, मानेत अवधाण आलंय. मग गुलकंद, बी-कॉम्प्लेक्स, मेडिकलवाल्याने दिलेलं जेल. तोंड येणं बहुतेक वेळा साधंच असतं, आठ-दहा दिवसांत बरंही होतं. ते झोंबतं, म्हणून लक्षात तरी राहतं. कर्करोगाची सुरुवात मात्र पुष्कळदा दुखतच नाही, म्हणून ती अंगावर काढली जाते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती कुठल्या टपरीवर किती पाळली जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आज रात्री जेवणानंतर चूळ भरा आणि मोबाइलचा टॉर्च लावून आरशासमोर उभे राहा. तंबाखूची गोळी ज्या गालात धरता, तो गाल आधी बोटाने ओढून बघा. जीभ बाहेर काढून दोन्ही कडा बघा, मग ती टाळूला लावून खालची जागा बघा. तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये घाला. जात नसतील तर सुपारीने तोंड आतून आवळत चाललंय, एवढं समजा आणि डॉक्टरांकडे जा. घरात मिश्री लावणाऱ्या आजी असतील तर त्यांच्या हिरड्याही बघा. आजी स्वतःहून सांगणार नाहीत.

एवढी घाई कशाला, असं विचाराल. जिभेचा किंवा गालाचा लहान कर्करोग काढताना मानेत गाठ लागत नसेल, तरी मानेतल्या ग्रंथी त्याच वेळी काढाव्यात, की गाठ दिसेपर्यंत वाट बघावी? यावर जगभरच्या सर्जनांचा कित्येक दशकं वाद चालू होता. मान उघडायची म्हणजे लांब टाके, खांदा आखडण्याची भीती. तेव्हा थांबा म्हणणाऱ्यांचंही काही चूक नव्हतं. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात रुग्णांचे चिठ्ठी काढावी तसे दोन गट केले. एका गटाची मान लगेच, दुसऱ्याची गाठ आल्यावर. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. तीन वर्षांनी लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८० टक्के हयात होते, वाट बघितलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे अशा दर आठ शस्त्रक्रियांमागे एक जीव वाचला. आणि हे लक्षात घ्या की थांबलेल्या गटाची मान डॉक्टर फेरीगणिक चाचपत होते. तरी थांबणं महाग पडलं. आपण तर कुणालाच न दाखवता थांबतो.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडं नुसती बघितली. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. यंत्र नाही, सुई नाही. तेव्हा आशाताई फॉर्म घेऊन दारात आल्या, तर ‘आमच्याकडे कुणी खात नाही’ म्हणून त्यांना वाटेला लावू नका.

जायचं कुठे? पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय आहे, कामोठ्याला एमजीएमची ओपीडी आहे. तपासणीत कर्करोग निघाला, तर ज्याला आपण ‘खारघरचं टाटा’ म्हणतो ते ॲक्ट्रेक हार्बर लाइनवर पनवेलहून तिसऱ्या स्टेशनावर, खारघरला उतरून गाठता येतं. आधार आणि रेशनकार्ड बरोबर ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया बसतात.

आणखी एक मागणं, आणि ते पुष्कळांना आवडणार नाही. उपचार चालू असताना एखादे डॉक्टर विचारतील, अभ्यासात भाग घेणार का? ‘आमच्यावर प्रयोग करताय का’ हा प्रश्न रास्त आहे, तो तोंडावर विचारा. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. नैतिकता समितीची मंजुरी आहे का, नुकसान झालं तर खर्च कुणाचा, हेही विचारा. मधेच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे आणि त्याने तुमचा उपचार थांबवता येत नाही. समाधान झालं नाही तर नाही म्हणा. पण ऐकण्याआधीच उठून जाऊ नका. मानेचा तो निर्णय आज पक्क्या पायावर घेता येतो, तो हो म्हणालेल्या माणसांमुळेच.

हो म्हणून काम संपत नाही, पुन्हा येऊन दाखवावंही लागतं. टाके सुकले, जेवण जाऊ लागलं की फेऱ्या चुकतात. एक दिवसाचा खाडा परवडत नाही, हे खरंच आहे. पण तोंडाचा कर्करोग उलटला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, आणि तेव्हा पकडला तर अजून काही करता येतं. आपल्या भागात अकरा महिन्यांचा करार संपला की खोली बदलते, नवी ऑफर आली की सिम बदलतं आणि रुग्णालयाचा फोन बंद नंबरवर वाजत राहतो. खोली बदलाल त्याच आठवड्यात नवा पत्ता, नवा नंबर आणि शेजारच्या एखाद्याचाही नंबर केसपेपरवर लिहून घ्या.