आलेख दाखवा, पण साल सांगा

नागपुरात हल्ली ज्याच्या हातात मोबाइल, त्याच्याकडे चीनचा आलेख. तर्रीपोह्याची प्लेट संपायच्या आत भारत-चीनचा निकाल लागलेला असतो. ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

पहिला म्हणतो, १९९० साली आपण चीनच्या पुढे होतो, बघा काय वाट लावली! खोटं नाही. तेव्हा दोघांचंही दरडोई उत्पादन तीनशे ते चारशे डॉलरच्या दरम्यान होतं आणि आपलं किंचित जास्तच होतं. २०२३ मध्ये चीन साडेबारा हजारांच्या वर, आपण अडीच हजारांच्या आसपास. दुसरा लगेच २०१४ काढतो. तेव्हा चीन आपल्या पाचपट होता, आजही पाचपटच. मग मागे पडलो कुठं? हेही खोटं नाही. फक्त पट तीच राहून मधलं अंतर सहा हजार डॉलरवरून दहा हजारांवर गेलं, एवढं तो सोयीस्करपणे गिळतो. तिसरा क्रयशक्तीचा हिशेब घेऊन येतो आणि पाचपटीची सुमारे अडीचपट करून देतो. आपल्याकडे दाढी-कटिंग स्वस्त, घरभाडं स्वस्त, हे मान्य. पण खनिज तेल विकणारा आपल्याला दाढीच्या भावात तेल देत नाही. हाच गडी २०२२ साली ‘इंग्लंडला मागे टाकलं’ म्हणून पेढे वाटत होता. तेव्हा मात्र त्याला दरडोई नको होतं, एकूण हवं होतं. दरडोई काढलं असतं तर इंग्रज जवळजवळ वीसपट निघाला असता.

तिघेही खरं बोलतात आणि तिघेही लबाड आहेत. आधी निकाल ठरवायचा, मग त्याला शोभेल ते साल आणि चलन शोधायचं, ही यांची अर्थशास्त्राची साधना.

आणि ही विद्या आम्हा वैदर्भीयांना कुणी शिकवावी? प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या १९८४ च्या दांडेकर समितीपासून २०१३ च्या केळकर समितीपर्यंत आम्ही सरासऱ्यांवरच भांडतोय. विदर्भाच्या विकासाचा अनुशेष खरा आहे, त्याबद्दल माझ्यापाशी वाद घालू नका. पण हिवाळी अधिवेशनात ‘विदर्भाचं दरडोई उत्पन्न’ म्हणून गळा काढणारा पुढारी त्या सरासरीत नागपूर आणि गडचिरोली एकत्र कालवतो, हे कधी सांगत नाही. राज्याच्या आर्थिक पाहणीतला जिल्हानिहाय तक्ता उघडा: नागपूर वरच्या रांगेत, गडचिरोली आणि वाशीम तळाला. पुण्याशी तुलना करताना आमचे डोळे पाणावतात, गडचिरोलीशी करताना कोरडे ठणठणीत. उत्तर देणारे मुंबईकरही काही कमी नाहीत. उर्वरित महाराष्ट्रात मुंबई धरायची की वगळायची, हे ते समोरचा काय म्हणतो ते बघून ठरवतात.

सीमेची गंमत तर औरच. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा काढला. गरीब तालुके हिशेबातून गेले आणि कुणाच्या ताटात एक घास जास्त न पडता उरलेल्या चंद्रपूरची सरासरी सुधारली.

त्याहून मोठी फसगत वेगळीच आहे. जिल्ह्याचं उत्पन्न म्हणजे जिल्ह्यात काय निर्माण झालं ते. तिथल्या माणसाच्या हातात काय पडलं ते नव्हे. आयर्लंडचं बघा. २०१५ साली त्या देशाचं उत्पादन एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढलं. आयरिश माणूस काही रातोरात चौपट राबायला लागला नव्हता. बड्या परदेशी कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तिकडं हलवली होती, एवढंच. पण त्यांची सांख्यिकी यंत्रणा शरमली आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा, सुधारित आकडा काढू लागली. आमच्याकडे शरमायला कुणाला वेळ आहे? चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. ती वीज जिल्ह्याच्या खात्यात जमा होते आणि तारेतून राज्यभर जाते. राख मात्र तिथंच राहते आणि तिचा तक्त्यात रकाना नाही.

आता एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक निघताहेत. त्या खनिजाची किंमत गडचिरोलीच्या नावावर चढणार आणि काही वर्षांत कुणीतरी वर झेपावणारा आलेख घेऊन आपल्यासमोर उभा राहणार. तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी त्याला विचारा: सुरुवातीचं साल कोणतं धरलंस, आणि यातली एटापल्लीच्या माणसाची मजुरी किती?