पोलिसांनाही संघटना हवी

सांबऱ्याच्या विमानतळावर मंत्रिमहोदय उतरावयाचे असले म्हणजे तेथून बेळगाव शहरापर्यंतच्या रस्त्यावर पहाटेपासून पोलीस उभे केले जातात. विमानास उशीर झाला की त्यांचे उभे राहणेही लांबते. सावलीची सोय नाही, पाण्याची नाही. महिला शिपायांची जी कुचंबणा होते ती सांगावयासच नको. सुवर्णसौधात हिवाळी अधिवेशन भरले की बिदर-कोलारपर्यंतचे शिपाई हजारोंनी येथे आणून मंगल कार्यालयांत नि तंबूंत ठेवले जातात. त्यांच्यावर सोपविलेल्या कामांपैकी एक काम कोणते, हे सीमावासीयांस सांगावयास नको. महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा होऊ न देणे, हे ते काम! याच शिपायांच्या संघटनेच्या हक्कासाठी आम्ही आज लेखणी उचलली आहे.

वाचकांपैकी अनेकांच्या कपाळास आठ्या पडतील, हे आम्ही जाणतो. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरच्या वेशीवरील 'महाराष्ट्र राज्य' हा फलक हटविताना ज्यांनी घराघरांत शिरून लोकांस झोडपले, त्यांची वकिली समितीच्या पत्राने करावी काय? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर रागाच्या भरात शोधण्यापूर्वी आपल्याच इतिहासातील एक गोष्ट आठवावी. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात मराठी माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते. आपणांस म्हैसूर राज्यात ढकलले गेले ते त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला. म्हणजे त्या दिवशीच्या बंदुका मोरारजी देसाईंच्या सरकारच्या होत्या. तीस वर्षांनी, जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आपल्या नऊ जणांचे प्राण गेले, तेव्हाच्या बंदुका कर्नाटक सरकारच्या होत्या. मधल्या काळात सरकार बदलले आणि हुकमाची भाषा बदलली. वरून हुकूम आला की का म्हणून न विचारता बंदूक उचलावयाची, ही रीत मात्र जशीच्या तशी राहिली. ही रीत गोऱ्या साहेबाने घालून दिली. आपल्या साहेबांस ती इतकी सोयीची वाटली, की तिला हात लावण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

उलट ती कायद्याने पक्की करण्यात आली. १९६६ साली संसदेने पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा केला आणि पूर्वपरवानगीवाचून पोलिसाने कामगार संघटनेचे सभासद होणे हा गुन्हा ठरविला. घटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाचा आधार त्यास होताच. दिल्लीच्या बिगर राजपत्रित पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघाने या निर्बंधांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. १९८६ मध्ये न्यायालयाने निर्बंध वैध ठरविले. आपल्या नऊ हुतात्म्यांचे सालही तेच, हा केवळ योगायोग. पण तो आमच्या मनातून जात नाही.

महाराष्ट्रात याहून वेगळे काही घडले असे कोणी समजू नये. मुंबईत पोलिसांची संघटना होती, तिला मान्यताही मिळालेली होती. पगार, घरे आणि कामाचे तास यांची गाऱ्हाणी ती सरकारपुढे मांडीत होती. ऑगस्ट १९८२ मध्ये, बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री असताना, सरकारने तिची मान्यता काढून घेतली आणि पुढाऱ्यांस अटक केली. १८ ऑगस्टला शिपाई रस्त्यावर उतरले. गिरणी संप ऐन भरात होता. शहरात दंगल उसळली, लुटालूट झाली, अखेर लष्कर बोलवावे लागले. त्या दिवशी पोलिसांकडून जे घडले त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. सामान्य मुंबईकराची दुकाने फुटली, हे खरे आहे. परंतु बोलावयाचे दार बंद केल्यानंतर माणसे भिंत फोडू पाहतात, हे सरकारला तरी कळावयास हवे होते.

आता कर्नाटकाकडे पाहा. ४ जून २०१६ रोजी सामुदायिक रजेवर जाण्याची हाक अखिल कर्नाटक पोलीस महासंघाने दिली होती. गाऱ्हाणी काय होती? अपुरा पगार, न मिळणारी रजा, वरिष्ठांचा जाच, आणि पोलिसाने साहेबांच्या घरची कामे करावयाची ती ऑर्डरली पद्धत. सरकारने काय केले? महासंघाच्या अध्यक्षांवर राजद्रोहाचा गुन्हा घालून त्यांस तुरुंगात टाकले. रजेचा अर्ज हा राजद्रोह! एका फलकासाठी नि एका परिपत्रकासाठी ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्या सीमावासीयांस या शब्दाचे मोल निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे त्याच सरकारने राघवेंद्र औरादकर यांच्या समितीकडून वेतनाची चौकशी करविली. समितीने वाढीची शिफारस केली. ती अमलात यावयास २०१९ साल उजाडले. म्हणजे गाऱ्हाणे खरे होते. गाऱ्हाणे मांडणारा मात्र आधी तुरुंगात गेला.

पोलिसांना संघटना दिली तर ते संप करतील आणि राज्य बुडेल, असा बागुलबुवा नेहमी उभा केला जातो. इंग्लंडमध्ये १९१८ व १९१९ साली पोलिसांनी खरोखरच संप केले. तेथील पार्लमेंटने १९१९ च्या कायद्याने संपास नि युनियनला बंदी केली, परंतु त्याच कायद्याने पोलीस फेडरेशन स्थापून शिपायांस आपले प्रतिनिधी निवडण्याची वाट करून दिली. पगाराची बोलणी, जखमी शिपायास मदत, चौकशीत सापडलेल्यास वकील, ही कामे फेडरेशन शंभरांहून अधिक वर्षे करीत आहे. इतके लांब जावयाचे नसेल तर केरळात जावे. तेथे पोलिसांची असोसिएशन उघडपणे निवडणुका घेते, अधिवेशने भरविते. केरळ राज्य अद्याप बुडालेले नाही!

एक शंका मात्र आम्हांसही छळते. उद्या येळ्ळूरसारखा प्रकार पुन्हा घडला, तर ही संघटना झोडपणाऱ्यांस पाठीशी घालील काय? अमेरिकेत कित्येक शहरांच्या पोलीस युनियनांनी हेच केले. २०२० मध्ये मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांची पोलिसाच्या हातून हत्या झाल्यावर त्याचा पुष्कळ बभ्रा झाला. ही भीती पोकळ नाही. म्हणून आमचे म्हणणे असे, की संघटनेने आरोपी शिपायास वकील जरूर द्यावा, पण चौकशी तिच्या हाती असता कामा नये. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला. ती प्राधिकरणे जिल्ह्याजिल्ह्यांत स्वतंत्र नि समर्थ असली पाहिजेत. आणि संघटनेचे एक काम आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते: बेकायदा हुकूम मिळाल्यास 'लेखी द्या' म्हणण्याची हिंमत शिपायास यावी, आणि तसे म्हटल्याबद्दल त्याची रातोरात बदली झाली तर त्याच्यामागे कोणीतरी उभे असावे. आज त्याच्यामागे कोणी नाही. सोळा तास उभा असलेला, आईच्या आजारपणातही रजा न मिळालेला माणूस हातात लाठी घेऊन आपल्या मोर्चासमोर येतो, आणि त्याचा सारा संताप खालच्या बाजूला, म्हणजे आपल्यावर, निघतो.

मुंबईत २०१६ साली देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. ती योजना एका साध्या शिपायाने मांडली होती. शिपायांस विचारले तर ते शहाणपणाचे बोलतात, एवढे त्यावरून दिसते. बेळगावास आता पोलीस आयुक्तालय आहे. बंदोबस्तासाठी आठ तासांची पाळी येथे का नको?

कर्नाटकाच्या विधानसभेत आज समितीचा एकही आमदार नाही, तेव्हा हा प्रश्न तेथे आपल्या तोंडून निघणार नाही. पण समितीचे व्यासपीठ आपले आहे. येत्या महामेळाव्याच्या ठरावांत, संपाचा हक्क वगळून पोलिसांच्या निवडलेल्या संघटनेस मान्यता द्यावी आणि तक्रार प्राधिकरण जिल्ह्यात खऱ्या अर्थाने चालवावे, अशी मागणी समितीने घालावी. मेळाव्यास परवानगी मिळाली नाही तर पत्रके वाटावीत, आणि तेवढा एक ठराव मराठीबरोबर कन्नडमध्येही छापावा. सांबऱ्याच्या रस्त्यावर उन्हात उभ्या असलेल्या बिदरच्या शिपायास तो वाचता आला पाहिजे.