बॅगेतून न निघालेली गिटार

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी हौशी गिटारवादकांचा जॅम ठेवला होता. चौदा जण आले. सतरंज्या, चहा, दोन छोटे अ‍ॅम्प, एक माइक, सगळं वेळेवर हजर होतं. कॉलेजातल्या एका मुलानं डिस्टॉर्शन लावून सोलो सुरू केला आणि तो संपेपर्यंत चहा गार झाला. मग नऊ जणांनी मिळून एकच जी कॉर्ड एकाच ठेक्यात बडवली. दाराजवळच्या खुर्चीवर पंचेचाळिशीचे एक गृहस्थ बसले होते, काळी गिग बॅग दोन गुडघ्यांत उभी धरून. मध्ये एकदा त्यांनी चेन वीतभर उघडली, आतल्या खुंट्यांवरून हात फिरवला आणि पुन्हा बंद केली. निघताना म्हणाले, "छान झालं हो. मी आपला ऐकायला आलो होतो."

खांद्यावर गिटार अडकवून कोणी नुसतं ऐकायला येत नाही. पण हे माझ्या डोक्यात शिरलं ते त्यांची पावलं जिन्यावर विरल्यानंतर.

चूक माझीच होती. हॉल ठरवला, चहा ठरवला. पण काय वाजवायचं, कोणी सुरू करायचं आणि कोणी थांबायचं, यातलं काहीच ठरवलं नव्हतं. जॅम म्हणजे उत्स्फूर्त, असा माझा समज होता. मोकळं सोडलं की ज्याला सगळ्यात जास्त येतं त्याचंच रान होतं, हे आपल्यापैकी प्रत्येकानं पाहिलेलं आहे.

'जॅम' हा शब्द आपण जिथून उचलला तिथे मुळात हेतूच वेगळा होता. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९३८ साली सुरू झालेल्या मिंटन्स प्लेहाऊस या जॅझ क्लबमध्ये थेलोनियस मंक, केनी क्लार्क हे वादक रात्री उशिरापर्यंत वाजवत. चार्ली ख्रिश्चन इलेक्ट्रिक गिटार घेऊन तिथे येई; १९४१ मधली त्याची तिथली ध्वनिमुद्रणं आजही ऐकायला मिळतात. पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचविशीत तो गेला. नवशिक्यांनी मंचावर चढू नये म्हणून मुद्दाम अवघड कॉर्ड आणि बेफाम लय धरली जाई, असं तिथल्या वादकांनी पुढे सांगितलं आहे. रोज रात्री बँडमध्ये वाजवून पोट भरणाऱ्यांची ती तालीम होती, तिथे चाळण लावणं रास्तच होतं. आपल्याकडे येणारा माणूस आठवडाभर एक्सेलच्या रकान्यांत बुडालेला असतो. त्यालाही आपण नकळत तीच चाळण लावतो.

याच्या उलट टोकाला पोलंडमधलं व्रोत्सवाफ शहर. २००३ पासून तिथल्या मोठ्या चौकात १ मे रोजी लोक गिटार घेऊन जमतात आणि जिमी हेंड्रिक्सनं गाजवलेलं 'हे जो' एकत्र वाजवतात. २०१९ साली सात हजारांहून जास्त गिटारी होत्या. हे जमतं कारण त्या गाण्याला सी, जी, डी, ए, ई एवढ्या पाचच कॉर्ड लागतात, आणि पाचही खुल्या. सहा महिने शिकलेल्यालाही त्या चौकात जागा आहे.

पण इतक्या लांब जायची गरज नाही. गावच्या देवळात भजनाला कोणी नवखा आला तर त्याला काय येतं हे कुणी विचारत नाही. आधी त्याच्या हातात टाळ देतात. बुवा चाल लावतात, बाकीचे ध्रुवपद उचलतात. पोवाड्यात शाहिराइतकाच झीलकरीही लागतो. शाहिराचा दम जिथे संपतो तिथे झील उभी राहते. आपल्या जॅममध्ये शाहीर पुष्कळ, झीलकरी नाहीत. आणि याला क्लास चालवणारे आपणच जबाबदार आहोत. गाण्याचा इंट्रो आपण शिकवतो, सोलो शिकवतो. दुसरा वाजवत असताना आपण काय करायचं, हे किती जण शिकवतात?

म्हणून जॅम भरवणाऱ्यांसाठी अनुभवातून आलेल्या काही गोष्टी.

पहिली दहा मिनिटं फक्त ट्यूनिंगची. सगळ्यांचे ट्यूनर ४४० हर्ट्झवर आहेत का ते पाहा. एखाद्याचा चुकून ४३२ वर गेलेला असतो आणि तो बिचारा तासभर स्वतःच्या कानाला दोष देतो. हार्मोनियम येणार असेल तर गिटारी तिच्याशी जुळवा. पेटी जागेवर बसून ट्यून करता येत नाही, गिटार येते.

गाणी तीनच, आणि चार दिवस आधी कळवलेली. कागदावर कॉर्डची नावं लिहिण्याऐवजी आकडे लिहा: एक, चार, पाच. नॅशव्हिलच्या स्टुडिओंत १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ही पद्धत रुजली, कारण गायकानं ऐन वेळी पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नाही. आपल्याकडे तर हे रोजचंच आहे. कुणी काकू माइकपाशी येऊन म्हणतात, "मला काळी चार द्या," आणि नऊ गिटारी एकदम गप्प होतात. काळी चार म्हणजे जी शार्प. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि जीचे आकार वाजवा. काळी एकला कॅपो तिथेच, आकार सीचे. काळी दोनला डीचे. असा पूर्ण तक्ता लिहून गिटारच्या बॅगेत ठेवा.

नऊ जणांची एकच जी कॉर्ड हा दुसरा रोग. सारख्याच जोरानं वाजणाऱ्या दहा गिटारींचा आवाज एकीपेक्षा दहा डेसिबलनं चढतो, आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. तेवढ्या आवाजात गाण्याचे शब्द बुडतात. कामं वाटून द्या. एकानं खुली जी धरावी. दुसऱ्यानं तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून ईचा आकार, तिसऱ्यानं पाचव्यावर कॅपो लावून डीचा आकार वाजवावा. तिन्ही जीच आहेत, पण उंची निरनिराळी, त्यामुळे गर्दी होत नाही. चौथ्यानं तळहात टेकवून फक्त खर्जाच्या तारा. उरलेल्यांनी या कडव्याला थांबायचं आणि पुढच्याला यायचं. थांबणं हेही वाजवणंच आहे, हे आयोजकानं मोठ्यानं सांगावं लागतं.

सोलोची हौस भागवायला बारा बारचा ब्लूज उत्तम. बारा बार म्हणजे ४८ ठोके. मेट्रोनोम ९६ वर ठेवला तर एक आवर्तन बरोबर तीस सेकंदांचं. बारा जणांना प्रत्येकी एक आवर्तन दिलं तरी सहा मिनिटांत सगळे होतात आणि कुणाचाच चहा गार होत नाही. बुजऱ्यांना एक चावी द्या. ब्लूज एमध्ये असेल तर पहिल्या दोन तारांवरचा पाचवा फ्रेट पुरे: ए आणि ई, म्हणजे सा आणि प. ए, डी, ई या तिन्ही कॉर्डवर या दोहोंतला एक तरी स्वर कॉर्डचाच असतो. दोन स्वरांत बेसूर होणं अवघड, आणि लय मात्र सगळी स्वतःची.

शेजाऱ्यांचाही विचार करा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबलची आहे आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. अ‍ॅम्पची तोंडं भिंतीकडे न करता मधल्या रिकाम्या जागेकडे करा, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचं ऐकू येतं आणि आवाज वाढवत नेण्याची शर्यत लागत नाही. प्रवेशशुल्काचा मोह टाळा. हौशी मंडळानं तिकीट न लावता श्रोत्यांपुढे गाणी वाजवली तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५२ व्या कलमानं त्याला मोकळीक दिली आहे. तिकीट लावलं की तो कार्यक्रम होतो आणि परवान्याचा प्रश्न उभा राहतो. चहाचे पैसे आपापसात वाटून घ्या.

एवढं करूनही एखादा जॅम फसेल. वीज जाईल, पहिली तार तुटेल, दोघांची लयीवरून जुंपेल. तारांचा एक जादा सेट आणि थोडी विनोदबुद्धी जवळ ठेवा. जॅम जमला की नाही याची माझी कसोटी आता एकच आहे: त्या दिवशी किती गिटारी बॅगेतून बाहेर आल्या?

पुढच्या रविवारचा बेत ठरल्यावर मी त्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, मला काही येत नाही फारसं." मी म्हटलं, "एमधला ब्लूज आहे. तुम्ही फक्त डी सांभाळा. आवर्तनात तीनदाच येते, पाचव्या, सहाव्या आणि दहाव्या बारला. बाकी वेळ नुसतं मोजायचं."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं,

"साधी डी, की डी सेव्हन?"