दानपेटी आणि पतपेढी

गरिबांच्या दारिद्र्यावर चर्चने काय करावे, असा प्रश्न निघाला की नाताळातले धान्यवाटप, शिष्यवृत्त्या आणि औषधोपचार यांची यादी पुढे केली जाते. या कामामागील करुणेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु दानाने एक हंगाम निभावतो. जमिनीचे आणि कर्जाचे संबंध जसेच्या तसे राहिले, तर पुढच्या हंगामात तेच कुटुंब त्याच दाराशी उभे असते. हे पटवण्यासाठी मार्क्सची साक्ष काढायला नको. धर्मनिष्ठांचाच इतिहास पुरेसा आहे.

जर्मनीत फ्रीडरिश राइफायझन या श्रद्धाळू प्रॉटेस्टंट गृहस्थाने १८५४ साली धनिकांच्या पैशावर चालणारी साहाय्यसंस्था काढली. दात्यांचा उत्साह टिकत नाही, हे अनुभवाने कळल्यावर १८६४ साली त्याने कर्जदारांनाच सभासद आणि जबाबदार करणारी पतसंस्था उभारली. हाच धडा छोटानागपुरात जॉन हॉफमन या जर्मन जेझुइट धर्मगुरूने गिरवला.

तेथे मुंडा आणि उरावांच्या जमिनी जमीनदार-सावकारांच्या घशात जात होत्या. वेठबिगारी वर होतीच. १८८५ पासून फादर लीव्हन्स यांनी कोर्टकचेऱ्यांत रयतेची बाजू घेतली. तरीही १८९९-१९०० मध्ये बिरसा मुंडाचा उलगुलान पेटला आणि सरवदा येथील मिशनवरही बाण सुटले. नुसत्या धर्मांतराने जमिनीचा प्रश्न सुटत नाही, हाच त्या बाणांचा अर्थ होता. १९०८ चा छोटानागपूर कुळकायदा घडवण्यात हॉफमनचा वाटा होता. १९०९ साली त्याने सहकारी पतसंस्था स्थापली. कायदा आदिवासींची जमीन परक्याच्या हाती जाण्यास अटकाव करणार, आणि पतसंस्था बी-बियाण्याला पैसा पुरवणार! यातले एक दुसऱ्यावाचून पांगळे. जमीन सुरक्षित पण कर्ज नाही, तर शेतकरी आडवाटेने सावकाराकडेच जातो. कर्ज आहे पण जमीन असुरक्षित, तर कर्जच जमीन गिळते.

अर्थात हा कायदा कोणा पाद्र्याची देणगी नव्हे. उलगुलानाचे रक्त सांडले नसते, तर सरकारला जाग आली नसती. शिवाय ती पतसंस्था कॅथलिकांपुरतीच होती. भूक बाप्तिस्मा विचारून येत नाही आणि सावकारही धर्म पाहून व्याज लावत नाही. मग पतपेढीच्या दारावर धर्माची पाटी कशासाठी?

आजचा सावकार कंपनीच्या रूपाने येतो. सूक्ष्मवित्त कंपन्यांच्या व्याजावरील मर्यादा रिझर्व्ह बँकेने २०२२ साली उठवली. कुटुंबाच्या मिळकतीतील निम्म्यापर्यंतची रक्कम कर्जाच्या हप्त्यांत जाण्यास नियमांची मुभा आहे. निम्मी मिळकत हप्त्यात गेल्यावर स्थैर्य कसले? जमिनीवरचे संकटही टळलेले नाही. झारखंड विधानसभेने २०१६ साली कुळकायद्यात केलेल्या दुरुस्त्या राज्यपालांनी २०१७ मध्ये परत पाठवल्या, त्या आदिवासींनी रस्त्यावर उतरून केलेल्या विरोधानंतर. त्या विरोधात चर्चनेही आवाज मिळवला. ते योग्यच झाले.

परंतु चर्च स्वतः मालकही आहे. २०११-१२ मध्ये केरळच्या खासगी रुग्णालयांतील परिचारिकांनी वेतनासाठी संप केले, तेव्हा चर्चच्या रुग्णालयांचाही त्यांत अपवाद नव्हता. एका हाताने अपुरा पगार द्यायचा आणि दुसऱ्या हाताने मदतीची पिशवी, हा धर्मही नव्हे आणि अर्थशास्त्रही नव्हे.

म्हणून चर्चकडून मागणे तीनच आहे. आपल्या संस्थांतील प्रत्येक कामगाराला पोटापुरते नव्हे, संसार चालेल इतके वेतन आणि युनियनचा हक्क द्यावा. पॅरिशची जागा, हिशेबनीस आणि ठेवी सर्वधर्मीय पतसंस्थांच्या पाठीशी उभ्या कराव्यात. कारभार मात्र कर्जदार सभासदांच्याच हाती ठेवावा. आणि जमिनीच्या व मजुरीच्या लढ्यात कष्टकऱ्यांच्या संघटनांबरोबर उभे राहावे, त्यांच्या पुढे नव्हे. जे चर्च एवढे करील, त्याच्या दारातली मदतीची रांग वर्षागणिक आखूड होईल. रांग आखूड होणे हेच त्याच्या सेवेचे खरे मोजमाप!