नांदेडच्या मृत्यूंचा भाजक

नांदेडजवळ विष्णुपुरी येथे असलेल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. अठ्ठेचाळीस तासांत हा आकडा ३१ वर गेला. शासनाने उत्तर दिले की औषधांचा तुटवडा नव्हता, मनुष्यबळ पुरेसे होते, रुग्णच अत्यवस्थ स्थितीत आणले गेले होते. ३ ऑक्टोबरला हिंगोलीच्या तत्कालीन खासदारांनी रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करावयास लावले. छायाचित्रे निघाली आणि राज्यकर्त्यांचे साथरोगशास्त्र तेथेच संपले!

परिचर्येच्या विद्यार्थिनीला मात्र हे शास्त्र पहिल्या धड्यापासून शिकावे लागते. तो धडा असा की नुसता आकडा काहीच सांगत नाही. किती दगावले हा अंश झाला. कितींपैकी दगावले हा भाजक. त्याशिवाय कोठे, केव्हा आणि कोण, हे तीन प्रश्न. ‘रुग्ण अत्यवस्थ होते’ हे शासनाचे वाक्य राजकीय सारवासारव नसून शास्त्रीय विधान असेल, तर त्याने शास्त्राची परीक्षा द्यावी. त्याच वजनाची, तितक्याच दिवसांची, बाहेरून पाठविलेली अर्भके मागील महिन्यांत किती आली होती आणि त्यांतील किती वाचली? रुग्णालयातच जन्मलेल्यांचे काय झाले? किती मृत्यू अपुऱ्या दिवसांच्या जन्मामुळे, किती श्वास कोंडल्यामुळे आणि किती रुग्णालयात आल्यावर जडलेल्या जंतुसंसर्गामुळे? ही वर्गवारी लोकांपुढे मांडल्यावाचून केलेला खुलासा हा खुलासा नव्हे.

आपल्या कार्यकर्त्यांनीही येथे सावध राहिले पाहिजे. २४ अर्भकांची सोय असलेल्या नवजात अतिदक्षता कक्षात साठाहून अधिक अर्भके होती, असे त्या दिवसांत प्रसिद्ध झाले. भाजक असा फुगला की मृत्यूंची संख्या दुप्पट होऊनही दर जेथल्या तेथे राहू शकतो, आणि मग कोणीही अधिकारी कागद पुढे करून ‘वाढ नाही’ असे शपथेवर सांगू शकतो. म्हणून आपल्या मोर्च्यात केवळ मृतांचा आकडा घोषणेसारखा उच्चारून भागणार नाही. भाजक फुगला का, हा खरा प्रश्न आहे. तो फुगला, कारण हिंगोली, परभणी, यवतमाळपासून तेलंगणाच्या सीमाभागापर्यंतच्या गरिबाला विष्णुपुरीवाचून दुसरे दार नाही. तालुक्याच्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ नाही, आणि खासगी रुग्णालय पैसे संपले की बाळाला सरकारीची वाट दाखविते.

पुस्तकात संसर्गाच्या साखळीचे चित्र असते. जंतू, त्याचा साठा, बाहेर पडण्याची वाट, पसरण्याचे साधन, शिरण्याची वाट, आणि दुबळे शरीर. कोणतीही एक कडी तोडा, संसर्ग थांबतो. आणि सर्वांत स्वस्तात तुटणारी कडी म्हणजे हात धुणे. हे व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइसने १८४७ मध्ये दाखवून दिले. अतिदक्षतेत एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, हा निकषही विद्यार्थिनी पाठ करते. पण एका पेटीत दोन-दोन बाळे आणि एकाच सिस्टरकडे अशा कित्येक पेट्या असतील, तर तिने दर स्पर्शाआधी पाऊण मिनिट हात घासायचे ते कोणत्या वेळात? मग पसरण्याचे साधन तिचेच हात होतात आणि चौकशी समिती बोट दाखविते तेही तिच्याकडेच. पदे रिकामी ठेवणारा हात मात्र कोणत्याही आकृतीत काढलेला नसतो. औषधखरेदी हाफकिनकडून काढून २०२३ च्या कायद्याने नव्या प्राधिकरणाकडे गेली. या स्थित्यंतराची किंमत कोणी मोजली, हेही त्याच आकृतीत काढावयास हवे.

लातूरचे पाणीही आठवा. मार्च २०१६ मध्ये तेथे टँकर आणि टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे पाच लाख लिटर घेऊन आली. ज्या शहरात घोटभर पाण्यासाठी पोलीस उभे राहतात, तेथे ‘शौचानंतर साबणाने हात धुवा’ ही भित्तिपत्रिका म्हणजे क्रूर विनोदच होय.

विष्णुपुरीत हे मृत्यू घडू लागले त्याच दिवशी किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षे पूर्ण होत होती. त्या भूकंपानंतर प्रेतांमुळे साथ येईल अशी मोठी भीती होती. वास्तविक भूकंपात मेलेल्यांची प्रेते साथ आणीत नाहीत. साथ येते ती जिवंतांच्या दुरवस्थेतून. लोकांनी सोडलेल्या घरांत धान्य राहिले, त्यावर उंदीर माजले, आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावात १९९४ च्या प्लेगला त्यातूनच वाट मिळाली, असे अभ्यासकांनी मांडले. तेथे ऑगस्टमध्ये आधी पिसवांचा उपद्रव वाढल्याची तक्रार झाली. गाठीचे रुग्ण नंतर दिसले. साथीची पहिली खूण गावकऱ्याला, आशा कार्यकर्तीला, वॉर्डातल्या सिस्टरला दिसते, मंत्रालयाला नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव घेऊन दिवे लावणाऱ्या अधिकाऱ्यांना हे ठाऊक असावे की ती बाई मृत्यूंचे तक्ते घेऊन युद्धखात्याशी भांडली होती, आणि १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने तिला सभासद करून घेतले होते. आमच्या सिस्टरने मात्र नोंदवही भरावी आणि तोंड बंद ठेवावे!

तेव्हा नांदेड आणि लातूरच्या साथींनी दोन्ही शासकीय रुग्णालयांकडे आधी हा हिशेब मागावा : दर आठवड्याला प्रत्येक कक्षात मंजूर खाटा किती, प्रत्यक्ष रुग्ण किती, दर पाळीला परिचारिका किती, मृत्यू किती व कशाने. रुग्णाचे नाव नको, आकडे हवेत. ते बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी फळ्यावर लिहिलेले असावेत. संसर्ग-नियंत्रणासाठी नेमलेल्या परिचारिकेला दुसऱ्या कामाला जुंपू नये, आणि कमतरता लेखी कळविणाऱ्या सिस्टरची बदली होऊ नये, यासाठी परिचारिकांच्या संघटनेबरोबर बसून मागणीपत्र तयार करावे. आकडे देण्यास नकार मिळाला, तर त्याच दिवशी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज दाखल करावा आणि त्याची प्रत अभ्यागत मंडळाच्या सदस्यांच्या हाती द्यावी.