'भौतिक तथ्य' म्हणजे काय, सर?

आमच्या महाविद्यालयातून मराठी घेऊन बी.ए. झालेली एक विद्यार्थिनी गेल्या उन्हाळ्यात दिघीहून भेटायला आली. तिच्या पिशवीत विमा प्रतिनिधीच्या परवाना परीक्षेचे जाडजूड पुस्तक होते आणि कुठल्याशा शिकवणीवर्गाच्या झेरॉक्स टिपणांचा गठ्ठा होता. गावातल्या गावात राहून आयुर्विमा आणि आरोग्यविमा विकता यावा, एवढाच तिचा बेत. प्राध्यापक-कक्षात एका सहकाऱ्यांनी हसत म्हटले, "मराठी करून शेवटी विमाच विकायचा ना!" आणि आम्ही सारे, मीसुद्धा, हसलो.

तिने टिपणांतील एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. ती मला दाखवून तिने विचारले, "सर, 'भौतिक तथ्य' म्हणजे डोळ्यांना दिसणारी गोष्ट ना? मग एखाद्याला साखर आहे, पण वरून काही दिसत नाही, तर ती फॉर्मवर लिहायची नाही, असंच ना?"

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिला आहे आणि त्याचा रोख विमा कंपन्यांपेक्षा आपल्याकडे, म्हणजे मराठी शिकवणाऱ्यांकडे, अधिक आहे.

आधी त्या शब्दाविषयी. विम्याच्या करारात 'मटीरियल फॅक्ट' नावाची एक कल्पना आहे. विमा द्यावा की नाही आणि दिला तर किती हप्त्याने, या निर्णयात ज्या गोष्टीने फरक पडेल ती प्रत्येक गोष्ट विमा घेणाऱ्याने आपणहून सांगितली पाहिजे. विमा हा परम सद्भावाचा करार आहे, असे म्हणतात ते याच अर्थाने. येथे 'मटीरियल' म्हणजे महत्त्वाची, निर्णयावर परिणाम करणारी. टिपणे तयार करणाऱ्याने कोश उघडला, पहिला अर्थ उचलला आणि 'भौतिक' लिहून तो मोकळा झाला. रक्तातील साखर, जुना क्षय, बंद केलेली रक्तदाबाची गोळी यांपैकी काहीच त्या अर्थाने 'भौतिक' नाही. माझी विद्यार्थिनी त्या शब्दाशी प्रामाणिक राहून वागली असती, तर तिने भरलेल्या प्रत्येक फॉर्मात एका भावी विधवेचा नाकारलेला दावा दडलेला असता.

ही अतिशयोक्ती नव्हे. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार आयुर्विम्याच्या पॉलिसीला पहिली तीन वर्षे खोट्या किंवा दडवलेल्या माहितीच्या कारणावरून आव्हान देता येते. त्यानंतर मात्र कोणत्याही कारणाने नाही. आरोग्यविम्यात हीच मुदत २०२४ पासून साठ महिन्यांची आहे, आणि फसवणूक सिद्ध झाली तर तिचेही संरक्षण उरत नाही. या काळात काही विपरीत घडले, तर कुटुंबाला मिळणारे उत्तर बऱ्याच अंशी फॉर्मवरच्या एका रकान्यावर अवलंबून असते. तो रकाना भरतो कोण? बहुधा प्रतिनिधी. सही करतो कोण? ज्याला तो वाचता आलेला नसतो तो.

एम.ए.च्या भाषाविज्ञानाच्या वर्गात आपण बेंजामिन व्होर्फ शिकवतो. भाषा विचाराला वळण देते, हा त्याचा सिद्धान्त विद्यार्थी पाठ करतात. पण हा गृहस्थ पोटासाठी हार्टफर्डच्या एका अग्निविमा कंपनीत आगप्रतिबंधाचे काम करीत होता, हे आपण क्वचितच सांगतो. त्याचे गाजलेले उदाहरण त्याच कामातून आलेले आहे. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ माणसे जपून वागत. 'रिकाम्या' पिंपांजवळ मात्र बिनधास्त विड्या ओढीत, कारण 'रिकामे' या शब्दात धोका नाही असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात त्या पिंपांत पेट्रोलची वाफ भरलेली असे आणि म्हणून तीच अधिक घातक असत. 'रिकामे' या शब्दाने आग लागते, हे ज्याने दाखवून दिले तो विम्याचा माणूस होता. 'भौतिक' या शब्दाने दिघीत काय पेटेल, हे मात्र आपल्याला आपले काम वाटत नाही.

आता परीक्षेविषयी. पन्नास बहुपर्यायी प्रश्न, एक तासाचा वेळ. उत्तीर्ण होण्याची अट पूर्वी ५० टक्क्यांची होती, ती ३५ वर आली. म्हणजे पन्नासांपैकी अठरा उत्तरे बरोबर आली की पुरे. एकेकाळी शंभर तासांचे असलेले सक्तीचे प्रशिक्षण पन्नास आणि मग पंचवीस तासांवर उतरले. दहावी झालेल्या कोणालाही हे दार उघडे आहे. ते उघडे असावे, याविषयी माझे दुमत नाही. गावातल्या मुलीला गावातच काम मिळावे, यात वावगे काय? आक्षेप वेगळा आहे. ही परीक्षा शब्द ओळखता येतो का, एवढेच पाहते. तो शब्द समोरच्या माणसाला समजावून सांगता येतो का, हे ती विचारीतच नाही. आणि परवाना मिळतो तो नेमका समजावून सांगण्याचा!

पण बोट दाखवताना उरलेली बोटे कुठे वळतात तेही पाहू. तीन वर्षे ती मुलगी आमच्या वर्गात होती. संभाव्य प्रश्न, अपेक्षित उत्तरे, मुद्देसूद टिपा यांवर आम्ही तिला पदवी दिली. छापील शब्दावर शंका घ्यायची असते, तो वाक्यात ठेवून पारखायचा असतो, हे आम्ही शिकवले असते तर 'भौतिक'पाशी ती आपणच अडली असती. तरीही ती अडली, रेघ मारून विचारायला आली, हे श्रेय तिचे, आमचे नव्हे.

आपल्यातील एक पक्ष म्हणतो, साहित्याच्या विभागाने असल्या पोटार्थी मजकुरात पडू नये. दुसरा म्हणतो, मराठी रोजगाराभिमुख करा. आणि जाहिरातलेखनाची एक श्रेयांकपत्रिका लावून मोकळा होतो. दोघांनाही माझे सांगणे एकच: करार वाचणे हे वाचनच आहे, आणि अवघड वाचन आहे. शिवकाळात राज्यकारभाराच्या शब्दांसाठी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला, हे आपण अभिमानाने शिकवतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. पण ज्या भाषेत माणसाला आपल्या मरणाचा आणि आजारपणाचा करार वाचता येत नाही, तिच्या अभिजातपणाचा त्याला उपयोग तो काय?

दिघीचेच उदाहरण का? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले. नारळी-पोफळीच्या पिढीजात बागा एका दुपारी आडव्या झाल्या. जोखीम म्हणजे काय, हे या किनाऱ्याला पुस्तकातून शिकायला नको. राजपुरी खाडीच्या मुखाशी होडी घालणाऱ्याला आणि बंदरावर राबणाऱ्याला ते रोज ठाऊक असते. त्यांना ठाऊक नसते ते त्या जोखमीविषयीचे कागदावरचे वाक्य, आणि ते सांगणारी व्यक्ती म्हणून तर ही मुलगी त्यांच्या ओटीवर जाऊन बसणार आहे. तिच्यावर ती माणसे विश्वास ठेवतील, कारण ती त्यांची आहे. परम सद्भावाचा खरा अर्थ तिथे आहे, आणि तो चुकीच्या शब्दावर उभा राहिला तर दोष तिच्या एकटीच्या माथी मारता येणार नाही.

मी तिला पर्यायी शब्द दिला: 'निर्णायक माहिती'. त्याखाली एक वाक्य लिहून दिले: "जे सांगितल्याने हप्ता वाढेल किंवा विमा नाकारला जाईल असे वाटते, तेच आधी सांगायचे." तिने ते टिपणाच्या समासात उतरवून घेतले आणि विचारले, "परीक्षेत हे चालेल का?" मी म्हटले, "परीक्षेत पर्याय ओळख. हे लोकांकडे जाताना."

मागणी मोठी नाही. भाषांतराच्या पत्रिकेत दरवर्षी एक विमा प्रस्तावपत्र वाचायला लावू. त्यातील दहा वाक्ये विद्यार्थ्यांकडून पुन्हा, माणसांच्या मराठीत, लिहून घेऊ. पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते; त्या तीस दिवसांत कोणी ती घेऊन विभागात आला, तर शेजारी बसून वाचून दाखवू. आणि पुढच्या वेळी एखादी विद्यार्थिनी परवान्याचे पुस्तक घेऊन आली, तर निदान हसणार नाही.