चांदीची वाटी नको, अनुभवी बाई पाठवा



गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका घरी बारशाला गेले होते. बाळाला चांदीच्या आठ वाट्या आल्या. बाळाची आई मात्र आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेली, डोळे सुजलेले. बाळ डब्याच्या दुधावर गेलं होतं. बाहेर आपल्यातल्याच बायका म्हणत होत्या, "आजकालच्या मुलींना सोसतच नाही."

मला राग आला, आणि लाजही वाटली. कारण दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य मी माझ्या सुनेबद्दल बोलले होते.

तिसऱ्या रात्री नात रडून रडून थकली. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, वरचं द्या. मीही मान डोलावली, "हिला पुरतच नाही." सहा आठवड्यांत सुनेचं दूध आटलं. माझी दोन मुलं अंगावर पिऊन वाढली, पण तिला बाळ कसं धरायचं ते मला सांगता आलं नाही. मला ते कुणी सांगितलं नव्हतंच. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी शेजारी बसून, हाताने धरून दाखवलं होतं. ही विद्या हातातून हातात जाते. एकत्र घरं गेली, तशी तीही गेली. मग दोष मुलींचा कसा?

मी कॉमर्सची. पहिल्याच वर्षी शिकलो होतो, मागणी तसा पुरवठा. आईच्या दुधाचा हिशेब अगदी तोच आहे. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. डब्याची बाटली दिली की बाळ कमी ओढतं, मागणी घटते, पुरवठा घटतो, आणि आपण म्हणतो, "बघा, पुरत नव्हतंच." पहिले दोन-तीन दिवस फक्त चीक येतो, तोही थोडाच. बाळाचं पोटही तेवढंच असतं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा-सात वेळा लंगोट ओला होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. रडणं हे माप नव्हे. बाळाने नुसतं टोक नाही, भोवतालचा काळसर भागही तोंडात घ्यायला हवा. नाहीतर आईला चिरा पडतात आणि बाळ उपाशी राहतं. एवढं कळायला डिग्री लागत नाही, पण कुणीतरी सांगावं लागतं.

सरकारने आपलं काम कागदावर तरी केलंय. १९९२ च्या कायद्याने बाळदुधाच्या डब्यांची जाहिरात करायला आणि आईला मोफत नमुने द्यायला बंदी आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेली बाळं शंभरात सुमारे बेचाळीसच निघाली. म्हणजे निम्म्याहून जास्त बाळांचा पहिला तास हुकतो. कायदा डब्याची जाहिरात थांबवेल, सासूचं तोंड कसं थांबवेल?

आता आपल्या घरातलं बोलते. आपल्यात मध चालत नाही, म्हणून आपण साखरपाणी चाटवतो. उन्हाळा आहे म्हणून उकळून गाळलेलं पाणी चमच्याने पाजतो. सहा महिन्यांपर्यंत बाळाला पाणीसुद्धा लागत नाही, आईच्या दुधात ते असतंच. आणि सूतक! बाळंतिणीला माणसाची सगळ्यात जास्त गरज असते ते पहिले दहा दिवस, आणि नेमके तेव्हाच आपण तिच्या दाराशी जात नाही. सूतक पूजेपुरतं पाळा. फोन करायला ते आड येत नाही. जाऊन आल्यावर अंघोळ करता येते. जिथे एका जिवाची भूक आणि दुसऱ्याचे अश्रू आहेत, तिथे न जाणं हा कसला धर्म?

कुणी म्हणतील, काहींना खरंच दूध येत नाही, त्यांना का टोचता? टोचायचं नाहीच. आजारपण असेल, डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर डबा जरूर द्या, आणि त्या आईला एक शब्दही बोलू नका. माझा वाद आईशी नाही. तिला एकटं टाकून नंतर नावं ठेवणाऱ्या आपल्याशी आहे.

म्हणून प्रत्येक महिला मंडळाला माझी मागणी आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत अंगावर पाजलेल्या पाच तरुण आया निवडा. आमच्यासारख्या आज्या नकोत, आम्हाला आठवत नाही आणि सुना आमच्यासमोर मोकळं बोलत नाहीत. बालरोगतज्ज्ञांकडून त्यांना दोन दुपारी शिकवून घ्या. डोहाळजेवणात अर्धा तास त्यांना द्या, सासू आणि नवरा समोर बसलेले हवेत. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी त्यांच्यातली एक घरी जाईल, मग महिनाभर फोनवर राहील. ताप आला, छाती लाल आणि कडक झाली, बाळ मलूल पडलं, तर औषध न सुचवता थेट डॉक्टरांकडे पाठवेल. खर्च? एका चांदीच्या वाटीएवढाही नाही.

माझ्या नातीचं दूध परत येणार नाही. सुनेची माफी मी मागितली, ती हसली, पण विसरली नसावी. पुढच्या बारशाला मी वाटी नेणार नाही. तिसऱ्या दिवशीच जाऊन येणार, आणि बरोबर आमच्या शेजारची, वर्षाच्या बाळाची आई असेल.

तुम्ही कुणाला नेताय?